वीणाचा निरोप

साड्यांच्या सेलची मेल पुसून विश्वासराव पुढच्या मेलकडे वळले, तेवढ्यात बेल वाजली. हातातला फोन वीणाचा होता. वीणा जाऊन वर्ष होत आलं होतं, पण दुकानदारांना ते कोण कळवणार? सकाळचा चहा झाला की बायकोच्या नावाने आलेलं सगळं उघडून बघायचं आणि नको ते काढून टाकायचं, हा त्यांचा नेम होता. हवाई दलातली शिस्त निवृत्तीनंतर कुठे तरी वापरायला हवीच.

दारात संपदा होती. इथे मोहालीच्या आयटी कंपनीत नोकरीला आलेली ही मुलगी वीणाला मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात भेटली, आणि मग वीणाने तिला सोडलंच नव्हतं. आज ती काकांच्या मेलच्या खात्याची सोय लावून द्यायला आली होती. आपल्यामागे मेल, फोटो, कागदपत्रांचं काय करायचं ते आधीच सांगून ठेवता येतं म्हणे.

"सोपं आहे, काका. तीन महिने तुम्ही खातं उघडलंच नाही, की मेलवाली कंपनी समजते की तुम्ही... म्हणजे..."

"वर गेलो."

"हो. मग ती तुमच्या माणसाला कळवते. तुम्ही काही लिहून ठेवलं असेल तर तो निरोपही देते. कुणाचं नाव घालू?"

विश्वासराव चष्मा पुसत राहिले. आजवर जिथे जिथे वारस विचारला, तिथे त्यांनी डोळे झाकून वीणा लिहिलं होतं.

"प्रसन्नचं घाल," ते शेवटी म्हणाले. मुलगा बंगळुरात होता. "निरोप सुचला तर बघू."

"काकूंचं खातंही बघून टाकते, पक्कं काम होईल." तिने वीणाचा फोन घेतला. जुन्या मेल चाळता चाळता ती थांबली.

"काका, काकूंनी हे केव्हाच करून ठेवलंय. ही आठवणीची मेल आलीय बघा. तुमचंच नाव आहे. निरोपही आहे."

ती मेल त्यांनी पाहिली होती. कंपनीचं काहीतरी असेल म्हणून न वाचता सोडून दिली होती.

"काय लिहिलंय?"

"ते पासवर्डशिवाय नाही दिसणार."

पासवर्ड वीणाबरोबरच गेला होता.

"मग मला अजून कसा नाही आला?"

संपदाने फोन हळूच टेबलावर ठेवला. "तुम्ही हा रोज उघडता ना, काका? कंपनीला वाटतं, काकू आहेत."

विश्वासरावांना हसू आलं आणि लगेच स्वतःचा भयंकर राग आला. वीणा बोलायला लागली की हे काहीतरी आवरायला उठायचे. जन्मभर हेच केलं, आणि आता तिच्या माघारीही तेच चाललं होतं.

"बंद करून कपाटात ठेवा," संपदा म्हणाली. "तीन महिने हात नका लावू. येईल."

त्यांनी तसंच केलं. मग सकाळी चहा झाला की करायचं काय, हा प्रश्न पडू लागला. ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा वाचू लागले. बाहेर धुकं दाटायचं, बागेत फिरायला कुणी नसायचं. घरात वीणाच्या नावाने आता काहीच येत नव्हतं. ती गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. ती खरी गेली ती या हिवाळ्यात, असं त्यांना वाटलं.

मुदत संपत आली तशी त्यांच्याच फोनवर एक मेल आली. वीणाने खात्यासाठी दुसरा पत्ता म्हणून त्यांचाच दिला होता. मेल मात्र तिला लिहिलेली होती. वीणा, तुम्ही बरेच दिवस दिसला नाहीत. असाल तर एकदा खातं उघडा. नाहीतर ठरल्याप्रमाणे आम्ही तुमचा निरोप पोचवू.

विश्वासरावांनी ती दोनदा वाचली. आता नुसतं गप्प बसायचं होतं. बसले की तिचे शब्द येणार होते, आणि वाचून संपले की तिला त्यांच्याशी बोलायचं काही उरणार नव्हतं.

ते उठले. कपाटातून फोन काढून त्यांनी चार्जिंगला लावला आणि तो सुरू होईपर्यंत शेजारी खुर्ची ओढून बसून राहिले. मग वीणाचं खातं उघडलं.

दुपारी संपदाचा फोन आला.

"काका, आला का निरोप?"

"नाही गं," विश्वासराव म्हणाले. "तिला अजून वेळ आहे."