यातलं मेण

सुकन्यानं परत आलेल्या डबीतलं क्रीम बोटावर घेतलं आणि गोजाबाईंच्या देखत स्वतःच्या डाव्या गालावर चोळलं. सलग पाचव्या दिवशी ती हेच करत होती. गालावर साधी पुटकुळीसुद्धा उठली नव्हती.

"बघा मावशी. काही झालंय का?"

गोजाबाईंनी बघितलंच नाही. त्या दाराच्या आत भिंतीला टेकून बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"तुज्या क्रीमनं न्हाय झालं, ते कळलं की मला. डाक्तरीणबाईनं सांगितलं न्हवं काल."

"मग गल्लीत सांगा तसं. बोंब ठोकताना सांगितलंत, तेवढ्याच मोठ्यानं."

"त्येच बोलाया आले. न्हाय सांगता येत."

सुकन्या रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकाच्याच ओट्यावर, ती कोरफडीचं क्रीम करायची आणि बचत गटांच्या बायका ते विकायच्या. डबीवर 'केमिकल-फ्री' लिही म्हणून सगळ्यांनी तिच्यामागे टुमणं लावलं होतं. तिनं ऐकलं नाही. आत जे घातलं ते सगळं ती लेबलवर छापायची, आणि त्यात पाचव्या ओळीला असायचं 'इमल्सिफाइंग वॅक्स'. कुणी विचारलं तर पेल्यात पाणी आणि तेल ओतून दाखवायची. कितीही ढवळा, तेल वर येणारच. मग गरम करून चमचाभर हे मेण घातलं की दोन्ही एकजीव व्हायचं. बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन विसरायच्या.

महिन्यापूर्वी कुणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. या मेणानं कातडीतली चरबी विरघळते म्हणे. त्याच आठवड्यात, सुकन्याचं क्रीम लावू लागलेल्या गोजाबाईंच्या लेकीचा, पूनमचा चेहरा पेटला. लालभडक झाला, सुजला, सोलू लागला. आता लोकांना आणखी काय पुरावा हवा होता? चार गटांनी डब्या परत केल्या. दोन वर्षं जिच्या हातचा चहा घेतला, तिच्याकडं बायका विष घालणारी असल्यासारख्या बघू लागल्या.

काल सुकन्यानंच पूनमला रिक्षात घालून सोलापुरातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी डबीवरची यादी वाचली.

"हे मेण बाजारातल्या निम्म्या क्रीममध्ये असतं. मीही लावते," त्या म्हणाल्या आणि पूनमकडं वळल्या. "याआधी काय लावत होतीस?"

पूनमनं पर्समधून एक नळी काढली. पिळून पिळून चपटी झालेली. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, गोरं होण्यासाठी, स्टिरॉइडची. दोन वर्षं रोज लावत होती. सुकन्याचं क्रीम मिळालं तेव्हा तिनं नळी सोडली होती, कारण सुकन्यानंच सांगितलं होतं, नुसतं हे लाव, बाकी काही नको.

"सोडली म्हणून पेटलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा लावलीस तर चार दिवसांत चेहरा छान दिसेल. पण कातडी आणखी पातळ होईल, आणि पुढच्या वेळी याहून वाईट पेटेल. तीन-चार महिने कळ काढावी लागेल."

पूनमचं लग्न अठरा दिवसांवर आलं होतं.

"दुधनीच्या मानसांनी रंग बगून पसंत केलं पोरीला," गोजाबाई आता म्हणाल्या. "नळी लावून गोरी झालती म्हनलं, की फसवलं म्हनतील. आज बसव्वाअक्का येनार हायती, पोराची आत्या. घरातलं सगळं तीच ठरवती. तू एवडंच म्हन, माज्या क्रीममधलं मेण बादलं. भाईरनं झालं म्हनलं की मिटलं."

"आणि माझं काय?"

"तुला दुसरं नाव देऊन क्रीम करता येतंय की, बाई. पूनमला दुसरं तोंड कुटनं आनू मी?"

सुकन्या संतापून खिडकीकडं वळली. समोरच्या घरात पूनम दिसत होती, ओढणीनं तोंड झाकून तांदूळ निवडत. हिला आपण 'बाकी काही नको' म्हणालो ते बरोबरच होतं, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळं जास्तच जळत होतं.

"म्हणते," ती म्हणाली. "पण ती नळी पुन्हा चेहऱ्याला लागता कामा नये."

"बिरोबाची आन. घरात येऊ देनार न्हाय."

दुपारी बसव्वाअक्का समोरच्या घरी आल्या तेव्हा सुकन्याही तिथंच होती. पाणी प्यायच्या आधी त्यांनी पूनमची ओढणी बाजूला केली, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि त्या चुकचुकल्या.

"कुनी केलं ह्ये?"

"माझ्या क्रीममुळं झालं, अक्का," सुकन्या म्हणाली. पाठ करून आली होती. "त्यातलं मेण तिला बाधलं. माझं चुकलं."

"शिकलीसवरलेली दिसतीस की. आनि पोरीच्या तोंडाला मेण फासतीस व्हय?"

गोजाबाईंनी हळूच सुस्कारा सोडला. बसव्वाअक्कांचा आवाज लगेच निवळला. पोरीत खोट नव्हती, दोष परक्या बाईचा निघाला होता. त्यांनी पिशवीत हात घातला.

"फोटू बगितला तवाच म्हनलं, कायतरी भलतंच लावलंय. म्हनून घेऊनच आले. आमच्या तिगी सुना ह्येच लावतेत. मेडिकलमदलं हाय, मेण न्हाय, काय न्हाय."

तीच नळी होती, नवी कोरी, खोक्यासकट. त्यातही तेच मेण होतं. त्याशिवाय क्रीम बांधलंच जात नाही. सुकन्यानं गोजाबाईंकडं बघितलं. गोजाबाईंनी नळी दोन्ही हातांनी घेतली आणि पूनमच्या मांडीवर ठेवली. सुकन्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"अक्का, ती लावू देऊ नका. त्या नळीनंच—"

"तू गप गं," बसव्वाअक्का म्हणाल्या. "तुजं आयकून झालं की येकदा."

सुकन्याच्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती. मघाशी ती तिनंच घालवली होती. तिनं पूनमकडं बघितलं. पूनमच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नव्हता. तिनं टोपण काढून उलटं केलं, त्याच्या टोकानं नळीचं तोंड फोडलं, हरभऱ्याएवढं क्रीम बोटावर घेतलं आणि कपाळावर, दोन्ही गालांवर, हनुवटीवर ठिपके दिले. आरसा तिनं मागितला नाही.

बसव्वाअक्का कौतुकानं बघत होत्या.

"हुशार हाय की पोरगी," त्या गोजाबाईंना म्हणाल्या. "सांगावंबी लागलं न्हाय."