कॅमेऱ्याला पोरगा हवा होता

माईकवाला पहिल्यांदा आला त्या सकाळी मी गोठा झाडत होते. तीन दिवस कोरडा वारा सुटला होता. नांगरलेल्या रानातली माती उचलून तो घराघरात आणून टाकत होता. जेवताना दाताखाली कचकच लागायची. अशा धुळीत पांढरे बूट घातलेला एक माणूस शेणाला वळसा घालून दारात उभा राहिला. मागे कॅमेरावाला.

"मावशी, ती धर्म बदललेली मुलगी इथेच राहते ना?"

"माझ्याकडे चार म्हशी आहेत," मी म्हटलं. "त्यांतल्या एकीनंही धर्म बदललेला नाही. बदलला की कळवते."

तो हसला नाही. माझं बोलणं त्याच्या कामाचं नव्हतं, म्हणून ते त्याला ऐकूच आलं नाही. कॅमेरावाल्यानं मात्र माझा गोठा, दोरीवरचे कपडे, मोडकं फाटक असं सगळं टिपून घेतलं. गरिबाचं घर दाखवायला कुणाची परवानगी लागत नसावी.

ती मुलगी म्हणजे माझ्या बहिणीची पोर. वय एकवीस. दूध केंद्रावर कामाला. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे आणि ही प्रत्येकाच्या दुधाची डिग्री लावायची. पाणी असलं की तोंडावर सांगायची, "काका, आज म्हशीला तहान जास्त लागली होती वाटतं." सगळी रांग हसायची. तिचं नावच 'डिग्री' पडलं होतं. केंद्राचा चेअरमन, म्हणजे तिचा मालकच म्हणा, त्याचंही दूध तिनं चारचौघांत दोनदा परत पाठवलं होतं. तेव्हापासून तो तिच्याशी बोलताना छताकडे बघायचा.

तिनं मला सांगितलं तेव्हा मी आंबोण कालवत होते.

"मावशी, मी बदलले."

"काय बदललंस? नोकरी?"

"धर्म."

माझा हात बादलीतच राहिला. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. "कुणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी."

"कुणी पोरगा—"

"मावशी, तूसुद्धा?"

मी पुन्हा आंबोण कालवायला लागले. वर्षभर ती पुस्तकं वाचत होती, सुट्टीच्या दिवशी बाजारच्या गावी त्या धर्माच्या प्रार्थनेला जात होती. येताना चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. मला तिचा नवा देव कळत नाही. जुना तरी कुठे फारसा कळला होता! पण पोरीनं कुणाचं काही हिसकावलं नव्हतं. माझी बहीण दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तिनं पोरीच्या केसांना तेल लावलं आणि विषय संपला.

संपला असता. पण कायद्यानं कचेरीत कागद द्यावा लागतो. पोरीनं दिला. कचेरीनं तो बाहेरच्या फळ्यावर डकवला. नाव, वय, बापाचं नाव, घर कुठलं, शेजार कुठला, सगळं. शिपायाला विचारलं तर म्हणतो, "नियम आहे, बाई." पळालेल्या चोराचाही पत्ता इतका नीट कुणी लिहीत नाही. चेअरमननं त्या कागदाचा फोटो काढला आणि वाहिनीवाल्यांना धाडला. हे त्यानंच पुढे चावडीवर फुशारकीनं सांगितलं, म्हणून मला माहीत.

तर माईकवाला माझ्याकडून निघाला तो थेट बहिणीच्या दारात. पोर केंद्रावर होती, बहीण रानात. घरात होते आमचे दाजी. दाजींबद्दल काय सांगू? उभ्या आयुष्यात त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. माईकवाल्यानं त्यांच्याच घरातली खुर्ची त्यांना दिली आणि म्हटलं, "बसा, दादा." तेवढ्यानं गडी पाघळला. चेअरमन बाजूला उभा होताच. "मन मोकळं करा," म्हणाला. "रडू आलं तर अडवू नका."

दाजींना रडू आलं नाही. मग माईकवाल्यानं त्यांना मुलीच्या लहानपणाबद्दल विचारलं. आलं थोडं. तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला. "दादा, आवाज आला. पुन्हा एकदा," माईकवाला म्हणाला. आणि आमचे दाजी पुन्हा एकदा रडले. वर पोरीचा शाळेतला फोटोही भिंतीवरून काढून दिला.

संध्याकाळी बातमी लागली. घर दिसलं, गल्ली दिसली, केंद्राची पाटी दिसली, पोरीचा चेहरा तर टीव्हीभर. पण नुसती पोर दाखवून त्यांचं भागेना. कॅमेऱ्याला पोरगा हवा होता. एवढी तरणी मुलगी स्वतःच्या डोक्यानं काही ठरवेल हे त्या शहाण्यांच्या डोक्यातच शिरेना. म्हणून त्यांनी कुठून तरी एक फोटो शोधला. केंद्रावर पोर दूध न्यायला येणाऱ्या टँकरवाल्याच्या हातात दुधाच्या नमुन्याची बाटली देते आहे, असा. दोघांभोवती लाल गोल, मध्ये मोठं प्रश्नचिन्ह, आणि खाली, 'हाच का तो?'

टँकरवाला पंचावन्न वर्षांचा. चार नातवंडांचा आजोबा. गुडघे दुखतात म्हणून गाडीतून उतरताना अल्लाद उतरायचा. त्याचा दोष एवढाच की तो पोरीनं घेतलेल्या धर्मात जन्मला होता.

दाजी तोवर टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते. "आवाज बरा आला माझा," म्हणाले.

बहिणीनं त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हातातलं भांडं उडतं. उडालं नाही. तिनं टीव्हीची वायरच उपटली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीटभट्टीच्या वळणावर मोटरसायकली आडव्या घालून सात-आठ जणांनी टँकर अडवला. म्हाताऱ्याला खाली ओढला. हात मोडला. नळ उघडून सगळं दूध रस्त्यावर सोडलं. आणि मारता मारता त्याचीही फिल्म काढली, कारण आजकाल नुसतं मारून कुणाचं समाधान होत नाही. ती फिल्म पोरीच्या फोनवर आली. माझ्या अंगणात उभी राहून तिनं ती बघितली आणि खाली बसली.

"मावशी, ते माझ्याशी आजवर एकच वाक्य बोललेत," ती म्हणाली. "'बाळ, झाकण नीट लाव.'"

त्याच दिवशी बहिणीच्या दारावर दगड आले. कौलं फुटली. मारणारे कोण? पोरीनं ज्यांना काका-मामा म्हणून रांगेत पुढे घेतलं होतं त्यांचेच कुलदीपक. दाजी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पुन्हा एकदा रडा म्हणायला आता कुणी नव्हतं.

मी पोरीला घेऊन पोलिसांकडे गेले. साहेबांनी आम्हाला तासभर बाकावर बसवलं. मग बोटातली अंगठी फिरवत म्हणाले, "तुम्ही थोडे दिवस दिसू नका."

"मी दिसले नव्हतेच, साहेब," पोर म्हणाली. "मला दाखवलं."

साहेबांना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि आम्हाला पाठवून दिलं. मी पोरीला माझ्याकडेच ठेवलं, चाऱ्याच्या खोलीत. ती वैरणीच्या पेंढ्यांत बसून राहायची. वाऱ्यानं दार वाजलं तरी दचकायची. एवढी तोंडाळ मुलगी, पण तिचा आवाज निम्म्यावर आला होता.

आणि मग आले दुसरे. तिच्या नव्या धर्माचे पुढारी. गाडीतून उतरले, हातात हार, मागे त्यांचा स्वतःचा कॅमेरा. मला एक गोष्ट कळून चुकली, देव कुठलाही असो, पुढारी एकाच साच्यातून काढतात.

"ताई," पुढारी पोरीला म्हणाला, "आमच्या सभेला या. व्यासपीठावर दोन शब्द बोला. हजारोंना धीर येईल."

"आणि माझ्या आईच्या घरावर उरलेली कौलं फुटतील."

"आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!"

"मग तो कॅमेरा गाडीत ठेवा आणि दोन दिवस इथे दारात बसा," पोर म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा केंद्रावरचा आवाज मी ऐकला. "दगड आला तर पाठीवर घ्या."

पुढाऱ्यानं घड्याळ बघितलं. त्याला पुढे कार्यक्रम होता. जाताना हार बाजेवर विसरला. म्हशीनं खाल्ला.

कामाला आली ती त्याच धर्मातली एक नर्सबाई. सरकारी दवाखान्यात टँकरवाल्याच्या हाताला तिनंच प्लास्टर घातलं होतं. ती पायी आली, चहा घेतला, धर्माचं अवाक्षर काढलं नाही. "माझ्या ओळखीत एक जागा आहे," म्हणाली. "काम मिळेल, खोली मिळेल. कुठे ते तिलाच सांगते. तुम्हाला नाही."

"मी तिची मावशी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच."

मला राग आला, आणि मग पटलं.

पोर निघाली ती भर उन्हात, गाव जेवून आडवं झालेलं असताना. दप्तराएवढी पिशवी. आईच्या गळ्यात पडली. टँकरवाल्याला भेटून आली होती. तो म्हणाला होता, "जा बाळ, मी कुणावर रागावलो नाही," आणि ते ऐकून तिला जास्तच रडू आलं होतं. दाजी दाराआड उभे होते. ती त्यांच्यासमोर थांबली.

"बाबा," म्हणाली, "पुढच्या वेळी मला विचारून रडा."

दाजींनी मान वर केली नाही. बस गेली तरी ते तिथेच होते, चौकटीला धरून.

आठवड्यानं माईकवाला पुन्हा हजर. तेच पांढरे बूट, मागे तोच कॅमेरावाला. आता त्याला 'मुलगी बेपत्ता' अशी बातमी करायची होती. मी दूध केंद्राच्या रांगेत होते, बहीण होती, आणखी दहा-बारा बायका होत्या.

"मुलीला कुणी पळवलं? आपल्याला काय वाटतं?" त्यानं माईक माझ्या तोंडात खुपसला.

मी किटली खाली ठेवली आणि कमरेचा फोन काढला. धरला त्याच्या नाकासमोर. "आधी तुमचं सांगा. पूर्ण नाव?"

"मावशी, हे काय?"

"घर कुठल्या गल्लीत? दाराचा रंग कोणता? घरात मुलगी आहे?"

माझ्या बहिणीनंही फोन काढला. मग तिच्या मागचीनं. बघता बघता सगळ्या बायकांनी त्याला घेरलं.

"मुलगी कुठल्या शाळेत जाते? किती वाजता सुटते?" बहिणीनं विचारलं. फोन तिनं खाली घेतला नाही.

माईकवाल्यानं तळहात तोंडासमोर धरला. "माझ्या घरच्यांना यात ओढू नका! त्यांचा काय संबंध?"

"का? तुमच्या घरच्यांना कॅमेरा चावतो?"

बायका खदाखदा हसल्या. तो मागे सरकता सरकता दूध सांडून झालेल्या चिखलात गेला, बुटांचा रंग बदलला, आणि गाडीत बसून निघून गेला. आम्ही फोनमधलं ते सगळं पुसून टाकलं. त्याला मुलगी असलीच, तर तिनं आमचं काय बिघडवलंय?

वाहिनीवाल्यांनी मात्र पुसलं नाही. संध्याकाळी बातमी लागली, 'पत्रकाराला जमावाची दमदाटी'. आमचे सगळ्यांचे चेहरे अगदी स्वच्छ, मळासकट. आणि त्याचा चेहरा? तो धूसर करून टाकलेला. खाली ओळ होती, 'सुरक्षेसाठी चेहरा लपवला आहे'.

म्हणजे चेहरा झाकायची कळ होती त्यांच्याकडे. पहिल्या दिवसापासून होती.

पोरीचा अधूनमधून फोन येतो, दर वेळी वेगळ्या नंबरावरून. तिकडे पाऊस आहे म्हणते, खोलीला खिडकी आहे म्हणते. गावाचं नाव ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. बहिणीला विचारावंसं वाटतं, ती पदराचं टोक दाताखाली धरते आणि म्हशींचं बोलत बसते.

चेअरमन मला केंद्रावर रोज अडवतो. "भाची कुठे आहे तुझी?"

"माहीत नाही," मी सांगते.

हे अगदी खरं आहे, आणि त्याला ते खोटं वाटतं. रोज विचारतो, रोज जळतो. त्याचा तो चेहरा बघायला मिळतो म्हणून हल्ली मी रांगेत सगळ्यांच्या आधी उभी असते.