मुनेओकाचं ठिगळ

सासरे सोमवारी वृद्धाश्रमात जाणार होते. तिथल्या खोलीत एकच फळी, त्यामुळे घरातली शोभेची एकच वस्तू सोबत नेता येणार होती. ती माझ्या हातची असावी, एवढीच माझी इच्छा.

म्हणून चार महिने खपून मी त्यांच्या पाणबुडीची प्रतिकृती केली. अकरा वर्षं ते तिच्या डेकचे मुकादम होते. प्रतिकृतींच्या मासिकांत दाखवतात तसा मनोऱ्यापासून खालपर्यंत रंगाचा गंज ओघळवला, तीन थरांत. नौदलाच्या कुरे बंदरातल्या आमच्या प्रतिकृती-मंडळाने माना डोलावल्या.

रविवारी सकाळी ती सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, आणि नावडतं ताट सरकवावं तशी सरकवली.

"कोणाची ही?"

"तुमचीच, बाबा."

"एवढा गंज माझ्या डेकवर? ताकुमा, मी काय अकरा वर्षं झोपा काढल्या?"

माझं डोकं फिरलं. "समुद्रात लोखंड गंजतंच ना!"

"गंजतं. म्हणून तर आम्ही होतो! बंदराबाहेर नांगर टाकायचा, खरवडायचं, रंग फासायचा, मगच आत. धक्क्यावर बायका-पोरं उभी. त्यांना गंज दाखवायचा?"

स्वयंपाकघरातून माझी बायको सानाए ओरडली, "बाबांच्या अंगाला रंगाचाच वास यायचा!"

हे मासिकवाले कधी धक्क्यावर जाऊन उभे राहिलेत का? गंज विकला जातो, म्हणून छापतात. आणि मी, जन्म कुरेत काढलेला गाढव, ते गिळतो.

गंज पुसायला बसलो. सासरे खुर्ची ओढून शेजारी. नुसता पुसून भागेना. त्यांना ठिगळं हवी होती: उन्हाने राखाडी पडलेल्या जुन्या काळ्या रंगावर ताज्या काळ्याचे चौकोन.

"इतका सरळ नको. हा माझ्या हाताखालच्या मुनेओकाने मारलेला. महाआळशी! हात पोचेल तेवढंच रंगवायचा."

"आणि हा पुढचा?"

"हा माझा. हा नीट मार."

मारला. त्यांनी चष्मा पुसून तो तपासला.

"मुनेओकाचं अजून वाकडं कर."

केलं. ते खोकला येईपर्यंत हसले. नेणार की नाही, ते मात्र बोलले नाहीत.

सोमवारी निघताना त्यांना आणखी एक ठिगळ आठवलं. मी ते दारात उभ्यानेच मारलं. सानाए खोकं घेऊन आली, तर तिच्यावर खेकसले, "ओल्या रंगाला खोक्यात कोंबतात का?"

गाडीत पाणबुडी तळहातांवर धरून बसले. प्रत्येक वळणावर मला शिव्या.

"हळू घे, मेल्या! रंग पुसेल!"