पीपी नंबर

उन्नतीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. नर्सिंगच्या सीटचा प्रश्न होता, म्हणून तशाच हातांनी फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"मम्मी, सीट पक्की करायले ओटीपी मागून राह्यला."

"मग टाक ना."

"मेरे फोन पे आया ही नहीं. शेवटचे आकडे दुसरेच दाखवून राह्यला."

तिनं ते आकडे वाचले आणि माझे हात परातीतच थांबले. त्यांच्या आधीचे सगळे आकडे मला पाठ होते. आमच्या लाईनीतल्या कुणालाही झोपेतून उठवून नंबर विचारा, तो हाच सांगेल. तो गुलाबकाकांचा नंबर होता, आणि गुलाबकाकांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

हे कुणाला सांगितलं तर आम्ही अडाणी आहोत असं वाटेल, म्हणून नीट सांगते. भिलाईत रिसालीला आमची क्वार्टरांची लाईन आहे, स्टील प्लांटमधल्या लोकांची, बहुतेक भंडारा-गोंदियाकडून आलेल्यांची. पूर्वी सगळ्या लाईनीत मोबाईल एकच होता, कोपऱ्यावरच्या गुलाबकाकांकडे. फॉर्मवर सगळे तोच नंबर द्यायचे आणि पुढे पीपी लिहायचे. पीपी म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. काका ड्युटीवरून आले की चहा घ्यायच्या आधी दारोदार निरोप पोचवायचे, मग तो बाळंतपणाचा असो की मयतीचा. पुढे घरोघरी मोबाईल आले, पण कागदावर नंबर काकांचाच राहिला. आमचे नंबर दर दिवाळीला बदलायचे, ज्याची स्कीम चांगली त्याचं सिम. काकांचा मात्र कधी बदलला नाही. आधारचा कॅम्प गणपतीच्या मांडवात लागला तेव्हा काका स्वतः टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले होते, आणि आम्ही एकामागून एक, पोरासोरांसकट, तोच नंबर लिहून दिला. उन्नतीच्या दहावीच्या फॉर्मवर तोच चढला आणि तिथून पुढे सगळीकडे.

काका गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, शकुकाकूंनी, त्यांचा फोन फोटोपुढे ठेवला आणि त्यालाही छोटा हार घातला. त्यात रिचार्ज टाकायचं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी फोटोपुढचा फोन उचलायची हिंमत कुणाला होती? सिम मेलं असणार, एवढंच मला कळत होतं.

"मम्मी, पाच बजे तक ही है," उन्नती म्हणाली. ती सिविक सेंटरला कम्प्युटरच्या दुकानात बसली होती. सरकारी कॉलेजची सीट लागली होती. पाचपर्यंत होकार नाही दिला तर ती पुढच्या मुलीला जाणार होती. खासगी कॉलेज आमच्या आवाक्यात नाही. म्हणजे आज सीट गेली की पोरगी घरी बसणार.

"नंबर बदलून टाक तिथंच."

"बदलायले पण जुन्या नंबरावरच ओटीपी जाते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं हे बनवलं त्याला समोर उभं करून विचारावंसं वाटलं, की बाबा, किल्ली हरवलेल्या माणसाला तू नवी किल्ली त्याच कुलपात ठेवून देतोस का? हेल्पलाईन लावली. तिथली बाई एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली आणि शेवटी गाणं लावून निघून गेली. नवरा फर्स्ट शिफ्टला, त्याचा फोन लॉकरमध्ये. काही सुचेना म्हणून मी काकांचाच नंबर लावला. बंद आहे हे ऐकायचीच तयारी होती.

रिंग गेली.

"हॅलो, कौन?" एका तरण्या बाईचा आवाज.

कंपनीनं काकांचा नंबर दुसऱ्याला विकला होता. मी धडाधड हिंदीत सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "ओटीपी किसी को नहीं बताना है, दीदी." आणि फोन कापला. पुन्हा लावला. "फिर से किया तो ब्लॉक कर दूंगी," ती म्हणाली. बँकवाले इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होते, ते ऐकणारी एवढी एकच बाई सापडायची होती आणि तीही आजच.

"आता काय करू व माय," माझ्या तोंडून निघालं.

तिनं फोन कापला नाही. "तुमी मराठी हाव का?"

"हाव! हाव बाई, रिसालीची मी. वंदना."

"तरी नाई सांगत. मराठी माणसात चोर नसते का?" मग म्हणाली, "यायचं असंन तं घरी या. तोंड दाखवा. भिलाई-तीनले राह्यते मी, रेल्वे क्वार्टरात. रीना नाव सांगा, कोनीबी घर दाखवते."

मी स्कूटी काढली. हात धुवायचं सुचलंच नाही. ऊन तापलेलं, पॉवर हाऊसच्या चौकात जाम, पुढे एक ट्रक आडवा घातलेला आणि त्याचा ड्रायव्हर निवांत लस्सी पितोय. मी त्याला मराठीत, हिंदीत आणि छत्तीसगढीत असं तिन्ही भाषांत झाडलं. तो हसला. सिग्नलला थांबले की पाय जमिनीवर ठरत नव्हता. बारावीत असताना ही पोरगी उशाला शरीरशास्त्राचं पुस्तक घेऊन झोपायची, आणि आता तिचं भवितव्य मी कधी न पाहिलेल्या बाईच्या फोनमध्ये अडकलं होतं.

रीनानं दार उघडलं पण साखळी काढली नाही. फटीतून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी आधार दाखवलं, उन्नतीचा फोटो दाखवला. तिची नजर माझ्या हातांवर थांबली. कणीक बोटांवर वाळून तिच्या खपल्या झाल्या होत्या.

"पोळ्या सोडून आले का?"

"हाव."

तिनं साखळी काढली. "चोर कणीक मळून नाई येत."

आत शिलाई मशीन, खाली कापडाच्या चिंध्या. मी बसायच्या आधीच बोलायला लागले, तर तिनं हात वर केला.

"आधी माझं ऐका. वर्षभरापासून तुमच्या लाईनीचे मेसेज मले येऊन राह्यले. देवीदासची शुगर किती आली ते मले माहीत हाये. कांताबाईचं सिलिंडर कधी निघालं ते माहीत हाये. मी काय पाप केलं होतं?"

देवीदास माझे सख्खे शेजारी, भिंतीला भिंत. त्यांना शुगर आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या लाईनीचे कपडे कुणीतरी रस्त्यावर वाळत घातलेत, तसं वाटलं मला.

"अंगणवाडीच्या भरतीचा फॉर्म भरला मी," रीना म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "नंबर टाकला तं म्हणे, हा आधीच रजिस्टर्ड हाये. तुमच्यातल्याच कोनाच्या तरी नावावर! दुसरं सिम घेऊन येईपर्यंत तारीख निघून गेली. दुकानवाल्याले सांगितलं, त्यानं हात वर केले. ऑफिसात गेली तं म्हणे कंपनीले सांगा. नंबर सोडू कशी? ब्लाऊजचे सगळे गिऱ्हाईक याच नंबरावर हायेत."

मी भांडायच्या तयारीनं आले होते. इथं तर भांडण तिचं निघालं, आणि तेही खरं. माझा राग कुठं ठेवावा मला कळेना.

"तुमी म्हणान ते करते."

"सगळ्यायनं आपापलं नाव माझ्या नंबरावरून काढा. सगळ्यायनं. घ्या पोरीच्या सीटची शपथ."

घेतली. तेव्हा तिनं माझी किडनी मागितली असती तरी मी मान हलवली असती.

उन्नतीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "भेज," मी म्हटलं. "चाक फिर रहा है," उन्नती म्हणाली. रीनाचा फोन वाजला, तिनं आकडे वाचले, उन्नतीनं टाकले. "टाइम आउट," उन्नती रडवेल्या आवाजात म्हणाली. पुन्हा मागवला. साईट अडकली. पुन्हा. मग तिनं वाचून दाखवलं, पडद्यावर लाल अक्षरात आलं होतं की फार वेळा मागितलात, थोडा वेळ थांबा. किती वेळ, ते मात्र लिहिलं नव्हतं.

आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. बाहेर मालगाडी जात होती, संपता संपत नव्हती. रीनानं तांब्या पुढे केला, "हात धुऊन घ्या." मी नको म्हटलं. हात धुतले आणि नेमकं तेव्हाच काही आलं तर? मी उठले, खिडकीशी गेले, परत बसले, परत उठले. शेवटी रीनाच वैतागली.

"ताई, बसा ना एका जागी! मलेच घाम सुटून राह्यला."

"आता कर," मी फोनमध्ये ओरडले. उन्नतीनं बटण दाबलं. फोन वाजला. रीनानं आकडे वाचले, ठासून, शाळेत पाढे म्हणतात तसे. पलीकडे कीबोर्डचा आवाज.

"उन्नती?"

"हो गया मम्मी. सीट मिल गई."

मी रीनाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिच्या कुर्त्यावर घामानं ओल्या झालेल्या कणकेची पाची बोटं उमटली. मी निघताना ती दारातून ओरडली, "शपथ घेतली हाये हं!"

शपथ घेणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी लाईनीत निघाले तर पहिल्याच दारात घोडं अडलं. "गुलाबचा नंबर काढू?" देवीदासकाका म्हणाले. "कावून? गुलाब गेला, नंबरानं काय केलं?" कांताकाकू म्हणाल्या, गॅसवाल्याला तोच सांगायची जिभेला सवय आहे. प्रत्येक दारात हेच. जणू मी काकांना दुसऱ्यांदा पोचवायला निघाले होते.

शेवटी कोपऱ्यावर गेले. शकुकाकूंना काही बोलायची माझी इच्छाच नव्हती, पण रीनाच्या फॉर्मचं सांगितलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग उठल्या आणि फोनवरचा हार काढून ठेवला.

"त्या पोरीचं काम आपल्यापायी अडलं ना? त्यायनं कधी कोनाचा निरोप अडवून ठेवला नाई. चल, माझं नाव पहिलं काढ."

शकुकाकू पुढे म्हटल्यावर लाईनही निघाली. शनिवारी सगळे सिविक सेंटरच्या आधार केंद्रावर, लग्नाला निघाल्यासारखे ऑटो करून. ऑपरेटरनं शकुकाकूंना विचारलं, "माताजी, नया नंबर?" त्यांच्याकडे नंबर होता कुठं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा सांगितला. एका म्हातारीचा प्रश्न, त्यात काय एवढं.

मागून देवीदासकाका आले. "वंदनाचाच टाक."

"काका, तुमच्या हातात फोन हाये!"

"माझा तं बदलत राह्यते. तू घरी असते." कांताकाकूंनी मान डोलावली आणि मागच्यांनीही. मी ओरडले, हातापाया पडले, उन्नती आणि रीनाचं सगळं पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं आणि सगळ्यांनी माझाच नंबर दिला. "बोलिए मॅडम, डालूं?" ऑपरेटर दर वेळी विचारायचा. उन्नती कोपऱ्यात तोंड दाबून हसत होती.

रीनाचा मधे फोन आला. पुढच्या भरतीचा फॉर्म तिनं भरला, नंबर बिनबोभाट घेतला म्हणाली. मग विचारलं, "देवीदासची शुगर कशी हाये आता?"

ती मला माहीत असते. आता सगळंच मला माहीत असतं. फोन दिवसभर वाजतो आणि मी चहा टाकून दारोदार निघते. राग येतो, पण जाते. रात्री मात्र डोळा लागत नाही. मला काही झालं तर? परवा उन्नती होस्टेलवरून आली तेव्हा तिला समोर बसवून सांगितलं.

"हे पाह्य, मी गेली तं माझा फोन फोटोपुढं ठेवू नको. आधी रिचार्ज मार. रडायचं ते मग रड."