फॉरेस्टवाले काका

आनंदच्या ऑफिसने ऐन एप्रिलमध्ये धरणाकाठी तंबूत राहायची टूम काढली, तेव्हाच मी म्हटलं होतं की आपण जायला नको. आनंद म्हणाला, "फॅमिली आउटिंग आहे गं, नाही गेलं तर बरं दिसत नाही." माझ्या नवऱ्याचे निम्मे निर्णय बरं दिसावं म्हणून घेतलेले असतात. उरलेले निम्मे मी घेते, आणि ते त्याला दिसत नाहीत.

त्यातच सासू-सासरे आमच्याकडे हडपसरला आले होते. सासूबाईंचा गुडघा दाखवायचा होता. इंटरकॉम, लिफ्ट आणि सोसायटीचा सिक्युरिटीवाला या तिघांशीही त्यांचं जमत नाही, त्यामुळे दोघांना फ्लॅटमध्ये मागे ठेवायची सोय नव्हती. आनंदने ती सबब मॅनेजरला सांगितली. मॅनेजर आमोद फार उमद्या स्वभावाचा. तो म्हणाला, "अरे, मग त्यांनाही आण की!" घरी येऊन हे सांगताना आनंदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्याचं कारण मला माहीत होतं. माझे सासरे कोंडीराम आणि सासूबाई वेणूबाई बीडकडचे. गावी थोडी कोरडवाहू जमीन, तीही देवाच्या भरवशावर. दिवाळी झाली की दोघं कारखान्याच्या ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जायचे ते उन्हाळा लागल्यावरच परतायचे. आनंद तेवढे महिने वसतिगृहात. तो इंजिनिअर झाला, नोकरीला लागला, तेव्हा कुठे दोघांच्या हातातला कोयता सुटला. सारसबागेबाहेर भेळ खाता खाता आनंदने मला लग्नाआधीच हे सगळं सांगितलं होतं, आणि त्याच संध्याकाळी मी त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं. मी नारायण पेठेत वाढलेली, लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा परत केलं तर बोलणी खाल्लेली मुलगी. आई-बापाच्या कष्टाबद्दल इतकं सरळ बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ऑफिसात मात्र तो फक्त "गावाकडे शेती आहे" एवढंच सांगायचा. ते काही खोटं नव्हतं. आनंदला कुणी आपली कीव केलेली चालत नाही. त्याला त्याचा खरोखर त्रास होतो.

पानशेतच्या पुढे, पाण्याला लागून असलेल्या आंब्याच्या झाडांखाली तंबू ठोकले होते. पाणी उन्हाळ्याने बरंच खाली गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या तळावर भेगा दिसत होत्या. पलीकडे जंगलाचा डोंगर. कॅम्पवर पत्र्याचे दोन संडास, एक पाण्याची टाकी, आणि 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलेली पाटी. निसर्गाच्या कुशीत मोबाईल चार्ज करायला रांग लागली होती.

वेणूबाई तंबूसमोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ही तर कोपीच की."

कोपी म्हणजे ऊसतोडीवाल्यांची झोपडी. वर उसाची वाळकी पानं, म्हणजे पाचट, आणि प्लास्टिकचा कागद, आत शिरायचं तर वाकून. मला हा शब्द त्यांच्याकडूनच कळला होता. बघता बघता त्यांनी पदर खोचला, झाडाची फांदी घेऊन तंबूपुढची जागा झाडली आणि चुलीसाठी तीन दगड मांडले. कॅम्पवाला हसत म्हणाला, "मावशी, जेवण आमच्याकडे आहे."

"आई, राहू दे ना," आनंद दबक्या आवाजात म्हणाला. घरी तो त्यांना माय म्हणतो.

अंधार पडता पडता शेकोटी पेटली. आमोदची बायको तनुजा, ऑफिसातली आणखी चार-पाच माणसं, त्यांच्या घरची मंडळी, सगळे गोल करून बसले. कोण पहिल्यांदा तंबूत राहतंय, अशी चौकशी चालली होती. जवळजवळ सगळेच पहिल्यांदा राहत होते.

"काका, तुम्ही?" आमोदने विचारलं.

"आमी लई राहिलो," सासरे हसून म्हणाले. "आमचं निम्मं आयुष्य त्यातच गेलं."

"म्हणजे? कुठे?"

ते तोंड उघडणार, तेवढ्यात आनंद म्हणाला, "आबा फॉरेस्टमध्ये होते. फॉरेस्ट गार्ड."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. शेकोटीच्या उजेडात त्याचे कान लाल झालेले दिसत होते. सासऱ्यांनीही त्याच्याकडे बघितलं. फार नाही, घासातला खडा बाजूला काढायला लागेल इतकाच वेळ. मग ते आमोदकडे वळून म्हणाले, "व्हय. फॉरेस्टात व्हतो."

आणि त्यांनी चक्क गोष्टी सांगायला सुरुवात केली. पहाटे समोर उभ्या राहिलेल्या बिबट्याची. अंगावरून गेलेल्या सापाची. थंडीत रात्रभर जागून काढलेल्या राखणीची. सासरे गप्प माणूस. पण त्या दिवशी असे रंगले, की तनुजाने फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. "काका भारीच आहेत!" सगळे म्हणत होते. आनंदही हसत होता. मलाही आधी मजा वाटली, मग वाटेनाशी झाली. वेणूबाई मधेच उठून तंबूत गेल्या आणि जेवायला बाहेर आल्या नाहीत.

सकाळी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. त्या पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आई, रागावलात?"

"राग कुणाचा करू पोरी?" त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "त्यो बिबट्या खरा हाय बरं का. उसाच्या फडात निघाला व्हता. पाचटात झोपला व्हता, आन ह्ये कोयता घेऊन त्याच्या म्होरं. तवा आनंद माझ्या पोटात व्हता. असल्याच कोपीत झालाय त्यो, कारखान्यावर. सुईन न्हाई का डाक्टर न्हाई." मग म्हणाल्या, "बिबट्या सांगता येतो, ऊस सांगता येत न्हाई. आसं कसं व्हतं गं?"

याचं उत्तर आनंदकडे असावं म्हणून मी त्याला तंबूमागे गाठलं.

"तू आत्ताच्या आत्ता आमोदला खरं सांग."

"काय सांगू? काल खोटं बोललो म्हणून?"

"हो. तेवढंच."

"स्वराली, तुला नाही कळणार. ऊसतोड म्हटलं की लोकांचे चेहरे कसे होतात ते तू पाहिलेलं नाहीस. हॉस्टेलवर मी रोज बघायचो." त्याने तंबूची दोरी उगाच ताणली. "आणि आबांना वाईट नाही वाटलं. किती खुश होते बघितलंस ना?"

मी बघितलं होतं. म्हणूनच तर मी त्याला गाठलं होतं.

डोंगरावर जायला निघालो तेव्हा कॅम्पवाल्याने बरोबर माणूस देऊ का विचारलं. आमोद म्हणाला, "कशाला? आपल्याकडे फॉरेस्टवाले काका आहेत की!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुडघ्यामुळे वेणूबाई मागेच थांबल्या. सासरे पुढे झाले, पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल, पायात आनंदने घेऊन दिलेले बूट. पाठीमागून कुणी विचारी, "काका, हे कसलं झाड?" जांभूळ, करवंद त्यांना ओळखू आलं. बाकीच्या झाडांना ते मनाला येईल ते नाव देत होते. एकदा मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की ते घाबरलेत. डोंगराला नाही. कुणीतरी असं काही विचारेल की पोराचं खोटं उघडं पडेल, याला.

वर जाऊन फोटो काढून उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पाण्याच्या बाटल्या संपत आल्या. आमचे तंबू समोरच दिसत होते, पण मधे धरणाच्या पाण्याचा एक फाटा आत शिरलेला. पाणी आटून त्याचा नुसता तळ उरला होता, वरून वाळलेला, भेगाळलेला. वाट त्याला लांबून वळसा घालून जात होती.

"सरळ जाऊ या का?" आमोद म्हणाला. "दहा मिनिटांत पोचू. काका, वाळलाय ना हा गाळ?"

सासरे काठावर थांबले. "वाटंनंच जावं," ते म्हणाले.

"पण इथून गुरं गेलेली दिसतायत. खुणा आहेत बघा."

"साहेब, गुरांचं येगळं..."

"काका, तनुजाला चक्कर येतेय. तुम्ही सांगा, तुमचा एवढा अनुभव आहे."

सासऱ्यांनी गाळाकडे बघितलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. आणि आनंद, माझा सरळ बोलणारा नवरा, हसत म्हणाला, "आबांनी असल्या तळ्यांच्या काठी आयुष्य काढलंय. हो की नाही आबा? जायला हरकत नाही ना?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांचा ओठ हलला. मग ते म्हणाले, "व्हय."

आमोद पुढे निघाला. पहिली काही पावलं जमीन टणक होती. तो मागे वळून "या, या" म्हणाला आणि पुढच्याच पावलाला त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला त्याने दुसऱ्या पायावर जोर दिला, तो मांडीपर्यंत गेला. वरचा पापुद्रा फुटून खालचा काळा चिखल वर आला. आमोद ओरडला नाही. त्याने तनुजाचं नाव घेतलं, अगदी लहान मुलासारख्या आवाजात. ती किंचाळत धावली, तिला मी कमरेला विळखा घालून धरलं.

सासरे पोटावर आडवे झाले आणि सरपटत पुढे गेले. आनंदने त्यांचे पाय धरले. टॉवेल पुरेना, तेव्हा तनुजाची ओढणी त्याला बांधली. ओढताना सासऱ्यांच्या मानेच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आमोद बाहेर आला तेव्हा त्याच्या पायात बूट नव्हते, आणि सासऱ्यांचा सदरा छातीपासून खाली काळा झाला होता.

सगळे काठावर येऊन बसले. आमोदचे दात वाजत होते, त्या उन्हात. जरा श्वास परत आल्यावर तो सासऱ्यांवर उखडला.

"काका, तुम्ही हो म्हणालात म्हणून मी पाय टाकला. फॉरेस्टमध्ये होतात ना तुम्ही? एवढं कळू नये? तनुजा माझ्या मागे होती!"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे सांगितलं गेलं त्यावर त्याने विश्वास ठेवला होता. मला वाटलं, आता आनंद बोलेल. आता तरी. तो चिखलाने भरलेले हात पँटला पुसत होता. मग मीच तोंड उघडलं. "आमोद, खरं म्हणजे..."

"पोरी, ऱ्हाऊ दे," सासरे म्हणाले. इतक्या मायेने म्हणाले की मी थांबले.

ते आमोदसमोर उकिडवे बसले. "साहेब, चूक झाली. म्या फॉरेस्टात कदी न्हवतो. म्या ऊस तोडायचो. मला ह्या रानातलं काय बी ठाव न्हाई."

"पण आनंद तर म्हणाला..." तनुजा म्हणाली.

"त्याला काय ठाव? त्यो ल्हानपणापास्नं वसतिगृहात. आमी त्याला तसंच सांगायचो, का तुजा बाप फॉरेस्टात हाय म्हून. पोरांत त्याची मान खाली जाऊ ने, म्हून. त्याला आज कळतंय ह्ये." ते न अडखळता बोलत होते. बिबट्याची गोष्ट सांगताना बोलले होते तसेच. "माजं खोटं हाय, साहेब. त्याला बोल लावू नगा."

आमोदचा राग उतरताना दिसला. त्याने आनंदकडे बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तनुजाचे डोळे भरून आले, तेही आनंदसाठी. इतकी वर्षं ज्या नजरेला तो घाबरत होता ती नजर सगळ्यांच्या डोळ्यांत होती.

"आनंद," आमोद म्हणाला, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल. एवढं एक वाक्य बोल, मी बाकी सगळं विसरेन.

आनंदने आबांकडे बघितलं. आबांनी मान अगदी थोडीशी हलवली, आडवी.

"नाही," आनंद म्हणाला. "माहीत नव्हतं."

आबांनी श्वास सोडला. त्यांचा चेहरा इतका निवांत झाला, जणू एखादी मोठी जोखीम नीट पार पडली असावी. त्यांनी हातानेच सदऱ्यावरचा चिखल निपटून काढला आणि म्हणाले, "चला, वाटंनं जाऊ."

सगळे उठले. मला रडू आवरेना. आनंद जवळ आला, माझ्या पाठीवर हात ठेवायला त्याने हात पुढे केला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं, आणि आबांच्या मागोमाग चालू लागले.