मिठागरातला बोकड

चाळिशी जवळ आली की माणसाला साखर, रक्तदाब नाहीतर बालपण, काहीतरी एक होतंच. निकेशला बालपण झालं होतं. उलव्याजवळच्या गावातली जमीन गेली, तिच्या पैशातून पनवेलमध्ये उंच इमारतीत फ्लॅट आला, खाली उभी राहायला मोठी गाडी आली, आणि आता हा गृहस्थ झुरत होता कशासाठी, तर लहानपणी गावच्या केबलवर लागणाऱ्या एका चमत्कारिक कार्टून सिनेमासाठी.

त्यात एक काणा बोकड डोक्यावर किटली घेऊन पांढऱ्याशुभ्र मिठागरातून पळत असतो, कारण गावात हळद आहे. आगऱ्यांच्या हळदीला मटणाची पंगत उठते, तिच्यात बोकडाचं काय होतं ते गावातल्या पोरांना पक्कं ठाऊक, त्यामुळे ती टीव्हीसमोर बसून हमसाहमशी रडायची. "तुमची कार्टून म्हणजे नुसता गुळगुळीतपणा!" असं निकेश नऊ वर्षांच्या रियाला जेवताना ऐकवायचा. तिनं तो बोकड एकदा बघावा आणि आपल्यासारखंच त्याच्यावर जीव टाकावा, एवढंच त्याला हवं होतं. बायको रंजिताचं मत असं, की असा सिनेमाच नसणार, त्याला तेव्हा ताप असणार.

पण जगात वेड्यांची कमतरता नाही. हरवलेल्या कार्टूनसाठी उसासे टाकणाऱ्या मोठ्या माणसांचा एक ग्रुप त्याला इंटरनेटवर सापडला. तिथे काण्या बोकडाचं चित्र दिसलं आणि निकेशचे डोळे भरून आले. फाइलही मिळाली. ती आधी स्वतः बघून घ्यावी, असा शहाणपणा त्यानं केला नाही. बघेन तर रियाबरोबरच, असा त्याचा हट्ट.

झालं. रियाच्या वाढदिवसाला सोसायटीचा हॉल घेतला, प्रोजेक्टर आणला, मुलांना बोलावलं, त्यांच्या लॅपटॉपवाल्या आईबापांनाही. गावाहून त्याची आई हौसा आली आणि दादूकाकाही आले. गावाची केबल एकेकाळी हेच चालवायचे. दोघं मागच्या रांगेत बसली.

सिनेमा सुरू झाला. बोकड तोच, किटली तीच. पण तो कुठल्याशा परदेशी भाषेत पुटपुटत होता आणि बर्फातून चालत होता. चालतच होता. मध्येच थांबून आभाळाकडे बघत उसासा टाकायचा.

"अंकल, हे बफर होतंय का?" एका मुलानं विचारलं.

निकेश घामाघूम होऊन मागच्या रांगेकडे धावला. "काका, कोणीतरी भाषा बदललीय याची! आपला बोकड आगरी बोलायचा!"

दादूकाका समोसा खात होते. "बोकड कशाला बोलंल? मी बोलायचो. कॅसेट कंच्या देशाची देव जाणे, कोनाला एक अक्षर समजत नव्हतं. गनपतीचा माइक लावायचो नि बोलायचो."

"आणि ते मिठागर?"

"आपल्या गावान बर्फ बगितला होता कोनी?"

आपलं अख्खं बालपण काकांनी मागच्या खोलीत बसून रचलं होतं, हे ऐकून निकेशला काकांच्या पाया पडावंसं वाटलं. "मग आता बोला ना!"

"मना काय आठवतं? रोज नवीन बोलायचो. तुला पाठ हाय, तूच बोल."

निकेश घुटमळला. पनवेलला आल्यापासून तो वॉचमनशीसुद्धा पुस्तकातलं मराठी बोलायचा. पण इकडे मुलं खुर्च्यांवरून घसरायला लागली होती आणि रियाचा चेहरा रडवेला झाला होता. त्यानं माइक उचलला.

"आरं बाबो! गावान हलद हाय! आमी नाय येत घरा! ही किटली घेतो नि पलतो!"

हॉल हसून कोसळला. बोकडानं उसासा टाकला की निकेश ओरडायचा, "पानी तरी द्या रं कोनी!" आणि मुलं टाळ्या पिटायची. बापांनी फोन खिशात टाकले. हौसा तोंडाला पदर लावून गदागदा हसत होती. निकेशला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जमीन गेल्याचे पैसे हातात आले तेव्हाही नाही.

तेवढ्यात कोणीतरी त्याचा शर्ट ओढला. रिया होती, कानापर्यंत लाल झालेली.

"बाबा, असं नको ना बोलूस. सगळे ऐकतायत."

वाक्य तिचं नव्हतंच. हौसा राहायला आली आणि लिफ्टमध्ये फोनवर आगरीत बोलायला लागली की निकेश स्वतः तिला हेच म्हणायचा, तेही रियाच्या देखत. पोरगी हुशार, एकदा ऐकलेलं विसरत नाही. शाळाही त्यानं चांगलीच निवडली होती.

त्यानं घसा साफ केला.

"मित्रांनो," बोकड म्हणाला, "गावात हळदीचा समारंभ आहे. त्यामुळे मी आज घरी जाणार नाही."

पहिल्या रांगेतली मुलं उठून केककडे गेली. मग दुसऱ्या रांगेतली. बापांनी फोन पुन्हा बाहेर काढले. हौसानं पदर सारखा केला. रिया मात्र जागेवर जाऊन बसली आणि तिनं तो अख्खा सिनेमा शेवटपर्यंत अगदी समाधानानं बघितला.