तांबड्या रेघेखालची नर्स

मी एका अर्जाचा पहिला खर्डा बोलतोय. देणगीदार कंपनीकडे गेला तो माझा धाकटा भाऊ. इस्त्री केलेला, इंग्रजी. मी मराठीत जन्मलो, मारतहळ्ळीमागच्या एका वस्तीतल्या दवाखान्यात. दवाखाना एका छोट्या संस्थेचा. तिथलं लिहिण्याचं काम उल्का बघते. वस्तीत घरोघर फिरणाऱ्या कावेरीअक्कांनी तिला समोर बसवून माझा मजकूर सांगितला.

"दहा ते एक दवाखाना उघडून काय उपयोग गं? त्या वेळी आमच्या बायका व्हाइटफील्डला लोकांची भांडी घासतात. ती धनलक्ष्मी बघ, पायाची जखम दोन महिने भरत नाही. साखर कधी तपासायची तिनं? संध्याकाळी पाच ते आठ एक नर्स हवी, तिचा पगार हवा. बस्स. आणि स्वल्प जोरात लिही, हळू लिहिलेलं कुणी वाचत नाही."

उल्कानं जोरात लिहिलं. एका पानात मी पूर्ण झालो.

मग संस्थेनं तिला अर्जलेखन शिकायला कोरमंगलाला पाठवलं. तीन दिवस, गारेगार हॉल. पडद्यावर जे आधीच लिहिलेलं असतं, तेच माणसं माना डोलावत वहीत उतरवतात. शिकवणाऱ्या निहार सरांनी मला दोन बोटांत धरून उचललं.

"पगार? पगाराला कोण देणगी देतं? दिसेल असं काही मागा. नर्स खुर्चीत बसलीय, ह्याचा काय फोटो काढणार?"

उल्का हळूच म्हणाली, "सर, साखर तपासायला हवी हे बायकांना माहितीय. त्यांना दार उघडं हवंय."

"मॅडम, तुम्हाला खरं लिहायचंय की मंजूर करून घ्यायचंय?"

हॉल हसला. उल्काही हसली. मला सरांचा राग नंतर आला, आधी तिचा आला. सरांनी नर्सवर तांबडी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'जनजागृती अभियान'.

धाकटा भाऊ मंजूर झाला. मैसूरपाक वाटला. वस्तीत टोप्या आल्या, बॅनर आले, फोटो निघाले. माझी पाठ कोरी होती, म्हणून तिच्यावर मार्करनं 'वेळ : १० ते १' लिहून मला दवाखान्याच्या दारावर चिकटवलं. तोंड लाकडाकडे. शेजारी रंगीत पोस्टर : 'साखर वेळेवर तपासा'.

धनलक्ष्मी संध्याकाळी सहाला लंगडत यायची. पोस्टर वाचायची, कुलूप बघायची. एकदा कावेरीअक्कांना म्हणाली, "अक्का, तपासा तपासा म्हणून ओरडता, मग दार का लावून घेता?"

गेल्या आठवड्यात तिच्या पायाचा अंगठा कापावा लागला. जागृत झालेल्यांच्या यादीत तिचं नाव आहे हं, सहीसकट.

आज उल्का माझ्यासमोर उभी आहे. हातात पुढच्या अर्जाचा कोरा फॉर्म. "मुदत शुक्रवारची," एवढंच अक्का म्हणाल्या.

उल्का, ओढून काढ मला. कोपरे फाटले तर फाटू देत. कुणाकडून नवीन काही सुचवून घेऊ नकोस. रेघेखालचं अजून सगळं वाचता येतं. जसंच्या तसं उतरव. पण लवकर. सहा वाजलेत, आणि तुझ्यामागून आणखी दोघीजणी कुलूप बघून परत निघाल्यात.